मगदूम मॅडमचा कोरा नमुना

मगदूम मॅडम माझ्याशी बोलल्या ते पहिलं वाक्य असं होतं : "आत येऊ नका. तुम्ही गळताय."

जानेवारीतली कोरडी थंडी होती. मी सांगलीच्या त्या कॉलेजात तासिका तत्त्वावर रुजू होऊन जेमतेम तासभर झाला होता आणि अंगावर साताऱ्याच्या राजपथावर घेतलेलं नवंकोरं निळं स्वेटर होतं. मी चटकन खाली पाहिलं. फरशी कोरडी होती. मॅडम टेबलामागून उठून दारापर्यंत आल्या, त्यांनी चिमट्यानं माझ्या खांद्यावरचा एक धागा अलगद उचलला आणि तो मेणबत्तीजवळ धरला. धागा आक्रसला आणि त्याचा काळा मणी झाला.

"दुकानदार काय म्हणाला होता?"

"शुद्ध लोकर."

"लोकर जळली की केस जळल्याचा वास येतो. हे वितळलं. तुम्ही प्लॅस्टिक घालून आलाय, शेलार सर. बाहेर खुंटीला लावा, मग आत या."

अशा रीतीनं माझ्या संशोधनाची सुरुवात अंगातलं स्वेटर काढून झाली. नोकरीच्या पहिल्याच दिवशी कुडकुडत काम करणारा माणूस पाहून शिपाई दादूमामांना माझी दया आली असावी. ते म्हणाले, "सवय व्हईल सर. माजी बी टोपी काढून घेतलीया त्यांनी."

मॅडमची प्रयोगशाळा म्हणजे रसायनशास्त्र विभागाच्या टोकाची, पूर्वी मोडक्या बाकांसाठी असलेली खोली. बाकं गेली आणि मॅडम आल्या, एवढाच फरक कॉलेजनं नोंदवला होता. तिथं त्या पाण्यातलं आणि मातीतलं प्लॅस्टिक शोधायच्या. पिशव्या-बाटल्या नव्हेत; त्या कुणालाही दिसतात आणि म्हणूनच कुणी उचलत नाही. मॅडमना हवे असायचे ते झिजून, फाटून, कुटून उरलेले कण : तिळाएवढे, खसखशीएवढे आणि त्याहून बारीक. नदीचं पाणी चाळणीतून घ्यायचं, त्यातला पालापाचोळा औषध घालून जिरवायचा, गाळ मिठाच्या पाण्यात ढवळायचा म्हणजे माती खाली बसते आणि बरंचसं प्लॅस्टिक वर येतं, मग ते गाळणकागदावर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली एकेक कण पाहायचा. संशय आला की तापलेली सुई टेकवायची. प्लॅस्टिक असेल तर कण वळवळून वितळतो. सुताचा धागा ढिम्म हलत नाही. दिवसभरात कागदाची एक चकती पुरी झाली तर मॅडमच्या भाषेत काम धावत होतं.

त्यांच्या कपड्यांवरून कॉलेजात बराच अभ्यास झाला होता, प्रयोगशाळेत होत होता त्याहून जास्तच. त्या रोज झेंडूच्या रंगाची सुती साडी नेसायच्या. अशा त्यांच्याकडं सहा होत्या, सगळ्या सारख्या. मराठी विभागाचं मत होतं की बाईंनी मनानं संन्यास घेतलाय. राज्यशास्त्र विभागाला खात्री होती की त्या महापालिकेला उभ्या राहणार. मी धीर करून विचारलं तेव्हा मॅडम म्हणाल्या, "नदीत या रंगाचा धागा सहसा नसतो. चकतीवर केशरी दिसला की तो माझा, नदीचा नाही. वजा करायचा. पांढरी साडी नेसले तर कुणाचा कुठला कळणार?"

हे इतकं साधं कारण कुणालाच पटलं नाही. राज्यशास्त्रवाले अजून वाट पाहतायत.

त्या जैन घरातल्या. वडिलांची कृष्णाकाठी उसाची शेती. सूर्यास्ताआधी जेवायचं म्हणून प्रयोगशाळा साडेपाचला बंद. थोर संशोधन रात्री जागूनच होतं अशी प्राचार्यांची श्रद्धा असल्यानं मॅडमचं काम त्यांना कायम दुय्यम वाटत आलं. पाणी गाळून पिण्यावरून एकदा कुणीतरी त्यांना चिडवलं तर त्या शांतपणे म्हणाल्या, "घरी गाळतात ते पाण्यातल्या जिवाला इजा होऊ नये म्हणून. मी इथं गाळते ते जे कधी जिवंत नव्हतं आणि आता मरतही नाही, त्याच्यासाठी."

कपाटात त्यांनी छोट्या काचेच्या कुप्यांची रांग लावली होती. तिला त्या ओळखपरेड म्हणायच्या. "चोर पकडायचा तर आधी गावातले चोर माहीत पाहिजेत." प्रत्येक कुपीत माहीत असलेल्या प्लॅस्टिकचा एक तुकडा आणि वर सुवाच्य अक्षरात चिठ्ठी : ठिबकची नळी. खताच्या पोत्याचा धागा. द्राक्षबागेवरची जाळी. रबरी म्हणून विकलेली चप्पल. आणि रांगेच्या शेवटी, सत्काराची शाल, मा. अध्यक्षांच्या हस्ते.

त्या शालीचा प्रसंग मी पाहिलाय. कॉलेजात प्लॅस्टिकमुक्त परिसर अभियानाचं उद्घाटन होतं. व्यासपीठामागं वीस फुटी फ्लेक्स, पाहुण्यांपुढं पाण्याच्या सीलबंद बाटल्या, पुष्पगुच्छ चकचकीत कागदात गुंडाळलेले. मा. अध्यक्षांनी मॅडमच्या खांद्यावर शाल घातली आणि मॅडमनी लगेच तिचा एक धागा रुमालात ठेवला. प्राचार्यांनी पाऊण तास आईसमान वसुंधरेवर बोलून मॅडमना दोन शब्द बोलण्याची विनंती केली. मॅडम माईकपाशी गेल्या, म्हणाल्या, "फ्लेक्स काढा," आणि जागेवर येऊन बसल्या. मोजून दोन शब्द. टाळ्या कुठं वाजवायच्या हे न कळल्यानं सभागृहानं वाजवल्याच नाहीत. फ्लेक्स अर्थात निघाला नाही. तो पुढं गच्चीवर गळती झाकायला गेला आणि उन्हानं त्याचे पोपडे सुटू लागले तेव्हा मॅडम दर महिन्याच्या एक तारखेला जिना चढून त्याचा चिमूटभर चुरा ओळखपरेडीसाठी आणू लागल्या. अभियानातून कॉलेजला मिळालेलं ठोस असं तेवढंच.

मॅडमच्या बोलण्यात फार धार होती असं लोक म्हणतात. मला तसं वाटत नाही. त्या फक्त विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायच्या, आणि आपल्याकडं ती उद्धटपणाची परिसीमा मानतात.

एकदा पाचगणीजवळच्या एका स्ट्रॉबेरीच्या शेतावर माती आणायला गेलो होतो. तिथं वाफ्यांवर काळा प्लॅस्टिकचा कागद अंथरतात. तण उगवत नाही, ओल टिकते, फळाला माती लागत नाही. हंगाम संपला की तो ओढून काढायचा आणि पुढच्या वर्षी नवा. शेतकरी सत्तरीचा, फौजेतून आलेला, ताठ. मॅडम माती बरण्यांत भरत होत्या ते पाहत तो बराच वेळ उभा राहिला.

"म्याडम, ह्ये घातक हाय का न्हाई, तेवडं सांगा."

"मला ठाऊक नाही."

"मग आलाय कशापायी?"

"किती आहे ते बघायला."

"त्ये मला बी ठावं हाय. लय हाय."

"लय म्हणजे किती?"

म्हातारा थोडा गोंधळला. आयुष्यात त्याला हा प्रश्न कुणी विचारला नसावा. "लय म्हंजी लय," तो म्हणाला. मग जरा चिडून, "पार कांदाटीच्या खोऱ्यापत्तोर सरकारी मानसं येत्यात, शिबिरं घेत्यात, धोका हाय म्हनत्यात, चा पिऊन जात्यात. तुमी पैल्याच, ज्यांना ठाऊक न्हाई."

"धोका आहे की नाही हे शोधणारी माणसं वेगळी आहेत. त्यांना आधी किती आहे ते कळायला लागतं. तुम्ही कागद काढता कसा?"

"बाया वडत्यात. फाटतोच त्यो."

मॅडमनी पदर खोचला आणि त्या बायकांबरोबर वाफ्यात उतरल्या. दुपारभर कागद ओढला. दोन्ही बाजूंनी हळू उचलला तर कमी फाटतो, सकाळी माती ओली असताना त्याहून कमी, आणि एका टोकाला धरून खेचला की त्याची अर्धी पट्टी मातीत राहते, हे त्यांनी स्वतःच्या हातानं पाहिलं आणि वहीत लिहिलं. मी बांधावर बसून बरण्यांना चिठ्ठ्या लावल्या, कारण माझी पँट नवी होती. निघताना म्हाताऱ्याच्या बायकोनं स्ट्रॉबेरी प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून दिल्या. मॅडमनी पिशवी परत केली आणि फळं ओच्यात घेतली. झेंडूच्या साडीवर तांबडे डाग पडले ते कधी गेले नाहीत. पुढच्या हंगामात म्हाताऱ्याचा फोन आला : आता कागद सकाळीच काढतो. धोका आहे का, हे त्यानं पुन्हा विचारलं. मॅडमनी पुन्हा ठाऊक नाही म्हणून सांगितलं. दोघंही समाधानी दिसले.

आता जे सांगायचं ते सांगून टाकतो. ते सांगण्यात माझीच शोभा होते, पण मॅडम त्याशिवाय पुऱ्या होत नाहीत.

त्या वर्षी आम्ही कृष्णेचं पाणी तपासत होतो. शहराच्या वर, घाटापाशी आणि शहराच्या खाली, अशा तीन ठिकाणी. दर खेपेच्या नमुन्यांबरोबर एक कोरा नमुना लावायचा, हा मॅडमचा पहिला नियम. कोरा म्हणजे निव्वळ शुद्ध केलेलं पाणी. तेही त्याच बाटलीतून, त्याच चाळणीतून, त्याच कागदातून काढायचं आणि तितकाच वेळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं. त्यात जे सापडेल ती आपली घाण : आपल्या हवेतली, हातातली, कपड्यातली. ती नदीच्या आकड्यातून वजा करायची. कोऱ्याचं काम माझ्याकडं होतं. एका कोऱ्याला अर्धा दिवस जायचा आणि शेवटी हाती काय, तर काही नसल्याचा दाखला. मी तेव्हा कायम नोकरीसाठी मुलाखती देत हिंडत होतो. दोन कोरे मी लावले. मग वाटलं, शुद्ध पाण्यात काय सापडणार? तिसऱ्या खेपेपासून मी रजिस्टरात सरळ शून्य लिहू लागलो. पुढं सुसंगती हवी म्हणून आधीच्या दोन्हींत निघालेले धागेही खोडून शून्य केले. एकूण नऊ.

नदीचे आकडे मात्र दणदणीत आले. निळे धागे तर इतके की कृष्णा कुठल्या कापडगिरणीतून उगम पावते असं वाटावं. प्राचार्यांना प्रथमच या खोलीत रस वाटू लागला. त्यांनी वर्तमानपत्राला बातमी दिली, जिल्हास्तरीय चर्चासत्र जाहीर केलं, पाहुणे ठरवले. शोधनिबंधावर मॅडमच्या शेजारी माझं नाव होतं आणि मी ते घरी फोन करून सांगितलंही होतं.

चर्चासत्राच्या दोन दिवस आधी मॅडमनी माझं रजिस्टर मागितलं. पानं उलटली. मग मला समोर बसवलं.

"नऊ कोरे, नऊ शून्यं. शेलार सर, मी दार लावून, पंखा बंद करून कोरा लावते तरी दोन-तीन धागे निघतात. तुमच्या हाताला शून्य येतं. तुम्ही कोणत्या देवाचं नाव घेता?"

 उत्तराची वाट न पाहता त्या उठल्या आणि माझ्यासमोर कोरा लावायला घेतला. सकाळी दहाला सुरू केलेला तो कोरा दुपारी अडीचला चकतीवर आला. त्यांनी डोळा लावला, बराच वेळ पाहिलं आणि मला बसायला खूण केली. चकतीवर निळे धागे होते. दोन-तीन नव्हेत. आणि निळा तोच, जो गेले काही महिने नदीत वाहत होता.

आम्ही दोघांनी एकाच वेळी मान वर केली. खिडक्यांना निळे पडदे होते. तपासणी समिती येणार म्हणून प्राचार्यांनी वर्षाच्या सुरुवातीला सगळ्या विभागांना लावले होते.

दादूमामा दारात उभे होते. मॅडमनी विचारलं, "हे पडदे कधी धुता?"

"धुवत न्हाई, मॅडम. रोज सकाळी झटकतो की. तुमाला धूळ चालत न्हाई म्हनून."

मॅडम हसल्या. त्या हसल्याचं मला फारसं आठवत नाही, म्हणून हे आठवतं. "आपण प्राचार्यांच्या पडद्याचा आळ कृष्णेवर घेतलाय," त्या म्हणाल्या. पडद्याच्या दोऱ्याला त्यांनी सुई टेकवली. दोरा वळवळला.

प्राचार्यांचं म्हणणं समंजस होतं. पडदा काय नि नदी काय, प्लॅस्टिक ते प्लॅस्टिक. पाहुणे ठरलेत, जेवण सांगितलंय, आकडे आता वाचू आणि नंतर दुरुस्त करू. मॅडम म्हणाल्या, "नंतर दुरुस्त केलेलं कुणी वाचत नाही." प्राचार्य म्हणाले, तेच तर.

चर्चासत्रात मॅडम उठल्या. झेंडूची साडी, हातात एक कागद. "आमच्या प्रयोगशाळेत कोरा नमुना नीट लावला गेला नाही. त्यामुळं आमचे आकडे चुकीचे आहेत. ते मी मागं घेते. चूक माझी आहे."

सभागृहात कुजबूज झाली. पाहुण्यांपैकी एकानं विचारलं, "कोरा लावायचं काम कुणाकडं होतं?"

"प्रयोगशाळा माझी आहे," मॅडम म्हणाल्या.

मी तिसऱ्या रांगेत होतो. मी तेव्हा उठून उभा राहिलो असं इथं लिहायचा मोह होतोय. पण मी उठलो नाही. उठलो असं लिहिलं तर ते दहावं शून्य होईल.

दुसऱ्या दिवशी पडदे उतरले आणि खिडक्यांना जुन्या सुती धोतराचे तुकडे लागले. आम्ही वर्षभराचं सगळं काम पहिल्यापासून केलं. मॅडम माझ्याशी जशा बोलायच्या तशाच बोलत राहिल्या, आणि ती शिक्षा असेल तर फार हुशारीनं दिलेली होती. तीन-चार महिन्यांनी एका सकाळी मी म्हटलं, "मॅडम, त्या दिवशी मी बोलायला हवं होतं."

"हो," त्या डोळा न काढता म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, "त्या बशीवर झाकण ठेवा."

एवढंच. मी एकोणतीस कोरे लावले. एकाही खेपेला शून्य आलं नाही.

या वेळी धागे बरेच कमी झाले, पण पोत्यांचे तुकडे, पिशव्यांचे पापुद्रे आणि दोरखंडाचे बारीक तंतू मात्र खरे निघाले. त्यातले निवडक कण आम्ही विद्यापीठात पाठवले. तिथल्या यंत्रात कणावर प्रकाश टाकतात आणि प्रत्येक प्रकारच्या प्लॅस्टिकची आपापली वेडीवाकडी रेघ उमटते, अंगठ्याच्या ठशासारखी. रेघा जुळल्या. प्राचार्यांनी पुन्हा वर्तमानपत्राला कळवलं. मथळा आला : 'कृष्णेतील प्लॅस्टिक घटले, महाविद्यालयाच्या अभियानाला यश'.

मॅडम मला घेऊन त्या वर्तमानपत्राच्या कचेरीत गेल्या. वार्ताहर नम्र होता.

"आधीपेक्षा आकडा कमी आहे ना, मॅडम?"

"आधीचा पडद्याचा होता."

"मग पडदे काढले, ते अभियानच झालं की."

 मला वाटतं, त्याच्या डोक्यात नक्की काय आहे ते सुई लावून बघावं असं मॅडमच्या मनात आलं असावं. चार दिवसांनी खुलासा छापून आला, आतल्या पानावर, मंगल कार्यालयाच्या जाहिरातीखाली तीन ओळी. मॅडमनी मथळा आणि खुलासा दोन्ही कापून रजिस्टरात शेजारी शेजारी चिकटवले, खाली तारीख घातली आणि पुढची चकती घेतली.

शोधनिबंध पुढं एका चांगल्या नियतकालिकात आला. पहिलं नाव माझं होतं. ते मॅडमनी घातलं होतं. मी कारण विचारलं नाही, कारण त्या उत्तर देतील याची मला खात्री होती. त्या निबंधाच्या जोरावर मला साताऱ्यात कायम नोकरी लागली. मॅडम निवृत्त झाल्या तेव्हा त्यांची खोली रिकामी करून तिथं बाकं ठेवली. ती पुन्हा मोडकीच आहेत, हे सांगायला नको.

गेल्या हिवाळ्यात सातारा स्टँडवर त्या अचानक भेटल्या. केस पांढरे झालेले, साडी फिकट हिरवी. पायाशी एक लाकडी पेटी. मिरजेची एक रक्त तपासायची प्रयोगशाळा बंद पडली, तिथला जुना सूक्ष्मदर्शक त्यांनी घेतला होता आणि मेढ्याला निघाल्या होत्या. जावळीतल्या शाळांच्या शिक्षकांना झऱ्याचं पाणी तपासायला शिकवायचं होतं.

"किती जण येणार आहेत?" मी विचारलं.

"पाच म्हणालेत. म्हणजे दोन येतील."

"आणि दोनही नाही आले तर?"

"झरा कुठं जातोय?"

गाडी लागली. मी पेटी उचलायला गेलो तर त्यांनी मला फक्त मागची बाजू धरू दिली. आत त्यांनी पेटी खिडकीपाशी बाकावर ठेवली आणि शेजारी बसल्या. मी खाली उतरून खिडकीशी उभा राहिलो. कंडक्टर आला.

"आवं मावशी, पेटी वर ठिवा की."

"तिला धक्का चालत नाही."

"मग शीट आडवून नेता व्हय? गर्दी हाय."

"तिचं तिकीट काढते. बायकांना अर्धं आहे ना? दोन अर्धी द्या."

कंडक्टरनं पेटीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी त्याला काही मदत करू शकलो नाही.

"पेटीला अर्धं न्हाई मिळत," तो शेवटी म्हणाला. "फुल पडंल."

"द्या मग फुल," मॅडम म्हणाल्या.

त्यानं मशीन काढून दोन तिकिटं फाडली. मागून कुणीतरी जागेवरून कुरकुरलं, त्याला कंडक्टरच म्हणाला, "तिकीट हाय त्यांचं." गाडी मागं सरकून वळली. वळताना ती कलली तसा मॅडमचा हात पेटीभोवती गेला. मी हात वर केला होता, पण खिडकीत मला पेटीच दिसली. मॅडम तिच्या पलीकडं होत्या.